उसन्या लुगड्याचं गाणं

लाखनी,
३ ऑगस्ट २०२५

रत्नाताई,

जयभीम घ्यायचा असंन तं घे, नाही तं तसाच राहू दे. फोन तू उचलत नाहीस, मेसेजले एकच टिक येते. म्हणजे मले ब्लॉक करून ठेवलंस, एवढं मले समजते, मी काही एवढा भैताड नाही. म्हणून कागद घेऊन बसलो. पत्र लिहायची सवय तुटली बाप्पा. काल पोस्टात साधं पाकीट मागितलं तं तिथली बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

दुकानातच बसलो आहो. गिऱ्हाईक नाही. उड्डाणपूल झाला तेव्हापासून गाड्या डोक्यावरून भिलाई-रायपूरले निघून जातात, खाली कोणी थांबत नाही. जो येते तो आधार कार्डाचं लॅमिनेशन करायले येते. लग्नाचं शूटिंग, साउंड, गायन पार्टी, हे सगळं आता दिवाळीनंतर. तोपर्यंत माश्या मारत बसायचं.

मुद्द्याचं सांगतो. परवा तुझी माय आली होती. कोंढ्याहून दोन गाड्या बदलून, पावसात, मोबाईल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून. मी म्हटलं, "काहून व मोठीमाय, एवढ्या पावसात?" तं म्हणे, "हा बिघडला गा. याच्यात तुझे मोठेबाबा येतच नाही."

तुले माहीत आहे तिचं. सकाळी चहा मांडला का तू चॅनलवर चढवलेलं ते उसन्या लुगड्याचं गाणं लावते, तुझ्या बाबाच्या आवाजातलं. चहा उतू जाईपर्यंत ऐकते. मोठेबाबाले जाऊन चार वर्ष झाले, पण त्या घरात सकाळी आवाज त्यायचाच असते. आता पंधरा दिवसांपासून नुसता राखडी पडदा येते म्हणे. आवाज नाही, चेहरा नाही. मी मोबाईल पाहिला. काहीतरी सूचना होती. मी तिले म्हटलं, नेटवर्कचं काम सुरू आहे, येईन आपोआप. भजे खाऊ घातले आणि गाडीत बसवून दिलं.

ताई, हे मशीनचं काम आहे. तुझ्या चॅनलवरचे तीन गाणे निघाले हे मले तेव्हाच समजलं. तेच तीन गाणे माझ्या आवाजात कंपनीनं काढलेले आहेत ना, ते तिकडे नोंदलेले आहेत. मशीनले दोन्ही सारखे वाटले असतीन आणि त्यानं तुझे उडवले. माणूस कोणी नाही त्याच्यात. थोडे दिवस थांब, निपटून जाईन.

तुले एकच म्हणणं आहे. घरच्या ग्रुपवर हे नोको टाकू. दोन वर्षांपासून तू माझ्यासंगं बोलत नाहीस, ठीक आहे, भांडायचं तं माझ्यासंगं भांड. पण ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाले इथं मोठा कार्यक्रम आहे, आणि कमिटीचे अध्यक्ष वासुदेवराव, त्यायनं सत्काराले माझं नाव ठरवलं. लोककवी म्हणून. शाल आणि मानपत्र, एवढंच. पण चाळीस गावचे लोक येतात. त्याच्या आधी उगाच खुसपट नोको.

भाऊजी बरे असतीन. भिलाईले पाऊस कसा आहे?

तुझा चुलतभाऊ,
संघपाल


लाखनी,
१२ ऑगस्ट

रत्नाताई,

पाकीट मिळालं. मले वाटलं चार ओळी तरी लिहिशीन. तीन नोटिसांच्या झेरॉक्स, आणि एकीच्या पाठीमागं फक्त एवढं, "शेवटचं कडवं कुठं आहे?" वा व ताई. जसा काही मी पाढे म्हणताना सतरावर अडकलो.

नोटीस वाचली. ज्यानं दावा केला त्यानं एकतीस ऑगस्टपर्यंत तो मागं नाही घेतला तं तुझं चॅनलच बंद होईन, असं लिहून आहे. अडतीस गाणे आहेत त्याच्यावर. पस्तीस तू मोबाईलमध्ये उतरवून ठेव, ते जमते. पण निघालेले तीन आता उतरत नाहीत, आणि त्या तिघांची दुसरी कॉपी तुझ्याजवळ नाही हे मले माहीत आहे. कॅसेटा कधीच्या उंदरायनं आणि ओलीनं संपवल्या. त्याच्या आधी तू टेपरेकॉर्डरसमोर फोन धरून जे घेतलं, तेच काय ते. मागं मोठीमायचा कोंबडा आरवते त्याच्यात.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी म्हटलेल्या त्या गाण्याची रील असते नव्वद सेकंदाची. पाच कडवे त्याच्यात कोंबू कुठं? लोकं दहा सेकंद पाहतात आणि बोटानं वर सरकवून देतात. पहिलं कडवं काढलं असतं तं गाणंच समजलं नसतं कोणाले, का छप्पन साली दीक्षेले जायले आपल्या आजीजवळ पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून तिनं शेजारणीचं मागून नेलं.

पांढरं नव्हतं लुगडं घरी, माय गेली शेजारी,
दे वं बाई एका दिसाले, जाणं हाय नागपुरी.

हे तं पाहिजेच ना? मग कैची चालवली शेवटावर. एवढंच आहे ते.

आणि मले एक सांग. गाणं कोणाचं असते? मोठेबाबाचे गाणे लाखांदूरपासून तुमसरपर्यंत किती पार्ट्या म्हणतात, कोण विचारायले आलं होतं त्यायले? आणि ते स्वतः तरी काय करत? चाली सगळ्या सिनेमातल्या. चाल घेतली तं कलावंत आणि बोल घेतले तं चोर, हा कोणता न्याय?

इथपर्यंत लिहिलं आणि थोडा थांबलो. कारण ते वहीत गाण्याच्या वर पहिले चाल लिहीत, कोणत्या गाण्याची ते. आणि माइकवर उभे राहिले का आधी सांगत, "चाल दुसऱ्याची, बोल माझे, चूकभूल माफ." मी मागं ढोलकी घेऊन बसलेला. मले भारी राग ये, का लोकायले कायले सांगता हे, कोणाले काय पडलं आहे. एकदा परतीच्या वाटेवर म्हटलंही. तं म्हणे, "ज्याच्या चुलीतला इस्तो आणला, त्याचं नाव सांगाच लागते बाबू."

ते त्या काळी ठीक होतं. तेव्हा माइक होता आणि समोर दोनशे माणसं बसून होती. आता समोर कोण आहे तेच दिसत नाही.

तुझी भावजय हर्षा म्हणते, "ताईले सरळ फोन करा, कागदं कायले काळे करून राहिले?" तिले काय जाते म्हणायले. तू फोन तं उचल. आणि दावा मशीनचा आहे, मी कसा मागं घेऊ?

कंटाळलो आहो ताई. दुकानाचं शटर उघडायचाही कंटाळा येते.

संघपाल


लाखनी,
२० ऑगस्ट

ताई,

तुझं काही आलं नाही, म्हणून मीच लिहितो. मागच्या दोन पत्रात मशीन मशीन केलं. मशीन नाही. दावा मी केला.

पहिल्यापासून सांगतो. दोन वर्षांआधी बपेऱ्याच्या एका लग्नात मी ते गाणं म्हटलं. नवरीच्या मामानं मोबाईलवर घेतलं आणि टाकून दिलं. आठ दिवसात कुठल्या कुठं गेलं ते! नांदेडहून फोन, मुंबईहून फोन. लोकं म्हणत, "काय लिहिलं दादा तुम्ही, रडवलं आम्हाला." पहिल्या माणसाले मी सांगितलं, का माझं नाही, माझ्या मोठेबाबाचं आहे. दुसऱ्यालेही सांगितलं. पाचव्या-सहाव्याले सांगायचा कंटाळा आला. दहाव्याले सांगितलंच नाही, आणि त्याचं कौतुक मी पूर्ण ऐकून घेतलं.

मग नागपूरच्या एका गाण्याच्या कंपनीचा माणूस दुकानात आला, योगेंद्र नावाचा. फॉर्म होता. गायक, लिहिलं संघपाल शहारे. संगीत, संघपाल शहारे. गीतकार आलं तिथं मी पेन उचलला होता ताई, खोटं नाही सांगत. विचारलं त्याले. तो म्हणे, "वारले ना ते? मग वारसांच्या सह्या लागतील, बहिणीला नागपूरला आणावं लागेल." तुले फोन लावायले मोबाईल हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं तू शंभर प्रश्न विचारशीन. स्वतःचं नाव टाकलं. मग तो म्हणे अजून आहेत का असे, तं आणखी दोन दिले. तू ते ऐकलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. तू काहून बोलत नाहीस हे मले समजत नाही असं मी सगळ्यायले सांगत होतो. समजत होतं.

शेवटच्या कडव्याचंही सांगतो. रील नव्वद सेकंदाची, हे खरं. पण कंपनीनं तं पूर्ण गाणं काढलं, सहा मिनिटाचं. त्याच्यातही ते कडवं नाही.

धुऊन, वाळवून, घडी घालून लुगडं नेऊन दिलं,
मंगरू म्हणे, माझ्या मायनं नाव नाही बुडवलं.

आपल्याकडचा कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालते, हे योगेंद्रले माहीत नव्हतं. मले तं माहीत होतं. स्टुडिओत एकदा 'मंगरू' काढून 'संघपाल' बसवून पाहिलं. ओढूनताणून बसते. पण माइकसमोर तोंडातून निघालं नाही, दोनदा खोकला आला. म्हणून कडवंच सोडलं.

आता दाव्याचं. बालाघाटकडच्या एका डीजेनं माझ्या आवाजाखाली ढमढम टाकून वरातीचं गाणं बनवलं. आजीच्या लुगड्यावर पोट्टे नाचून राहिले, सांग! माझं डोस्कं फिरलं. त्याचा नंबर काढला, विक्की म्हणून आहे कोणी. तोंडाले येईन ते बोललो. तो हसते. म्हणे, "भैया, आपने भी तो कहीं से उठाया होगा." त्याले काही माहीत नव्हतं, अंदाजानं बोलला. मी फोन कापला आणि तक्रारीच्या पानावर गेलो. तिथं एक यादी येते, तुमचं गाणं कोणाकोणाच्या व्हिडिओत सापडलं त्याची. त्रेसष्ट नावं होती. एकेक पाहत कोण बसते? वर एक चौकोन असते, 'सगळे निवडा' म्हणून. तो दाबून दिला. त्या त्रेसष्टात तुझं चॅनल होतं ते मले दिसलं नाही. रागात होतो, चुकून झालं. एवढं तरी मान.

मोठीमाय सोमवारी पुन्हा आली होती. मोबाईल काउंटरवर ठेवला, म्हणे, "याच्यावर काय लिहून आहे ते वाचून दे बरं." पहिल्या पत्रात मी लिहिलं ना, का काहीतरी सूचना होती? त्याच्यावर लिहून आहे, 'संघपाल शहारे यांच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ काढून टाकला आहे.' चांगलं मराठीत. तिचा मोबाईल मराठीत मीच करून दिला होता, म्हटलं तेवढंच आपल्या भाषेतलं दिसंन तिले.

मी वाचून दिलं, "लिहून आहे का थोडे दिवस थांबा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मोबाईल पन्नीत गुंडाळला. भजे मागवतो म्हटलं तं नोको म्हणे.

संघपाल


लाखनी,
२६ ऑगस्ट

ताई,

कंपनीले फोन लावला होता. ते म्हणतात तीन वर्षांचा करार आहे, दावा मागं घेता येत नाही. म्हणजे माझ्या हातात काही नाही. मले वाईट वाटून राहिलं, पण इलाज नाही.

मोठीमाय शनिवारी तिसऱ्यांदा आली. या खेपेले काही बोललीच नाही. मोबाईल ठेवला आणि स्टुलावर बसून राहिली, अर्धा-पाऊण तास. मी लॅमिनेशन करत राहिलो. एकाच माणसाचं कार्ड दोनदा केलं. मग ती उठली आणि गेली. मोबाईल इथंच विसरली. मी हाक नाही मारली.

वासुदेवरावनं मानपत्राचा मजकूर तपासायले पाठवला. टेबलावर पडून आहे. हर्षानं वाचला आणि उलटा ठेवून दिला.

पाच दिवस राहिले.

संघपाल


कोंढा,
३० ऑगस्ट

रत्नाताई,

कोंढ्यातून लिहून राहिलो, तुझ्या घरातून. दुपारच्या गाडीनं मोबाईल द्यायले आलो. द्यायचा आणि निघायचं, असंच ठरवून आलो होतो. घराले कुलूप. शेजारची पोरगी म्हणे, "आजी विहारात आहे ना, वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू आहे."

विहारात मी असा कधी जातो? बुकिंग असंन तं जातो, स्टेजच्या बाजूनं. आज दारात चप्पल काढून उभा राहिलो. पंधरा-वीस बाया बसून होत्या, पांढऱ्या लुगड्यात. आणि समोर पाटावर ग्रंथ ठेवून, चष्मा लावून, कोण वाचून राहिलं होतं? मोठीमाय! बोट ओळीखाली ठेवून. जोडाक्षर आलं का थांबे, तोंडातल्या तोंडात फोडे, मग मोठ्यानं म्हणे. एका ठिकाणी चुकली तं मागं जाऊन पूर्ण ओळ पुन्हा वाचली. बाया गुपचूप ऐकून राहिल्या होत्या.

मी तिथंच ताई, पायरीवर बसलो.

तुले तं माहीतच आहे. तूच शिकवलं म्हणे तिले, आठवीत असताना, अंगणात पाटी घेऊन. मी त्याच अंगणात रोज ढोलकी बडवायले यायचो. मले कधी दिसलं नाही, का मी कधी पाहिलं नाही, काय माहीत. माझ्या डोक्यात पक्कं बसून होतं, का धानाचा रोवणा करणारी बाई, तिले अक्षर कुठून येईन.

वाचन संपलं, ती बाहेर आली. मले पाहून म्हणे, "आला का? चाल घरी, चहा मांडते." घरी येऊन चहा मांडला. मी म्हटलं, "मोठीमाय, तुले वाचता येते?"

"येते ना. हळू येते."

"तं मग मोबाईलवरचं?"

"वाचलं ना. घरीच वाचलं, पहिल्याच दिवशी. 'संघपाल शहारे यांच्या' लिहून आहे. 'यांच्या' लिहिलं गा, लय मान दिला तुले त्यायनं."

"मग दुकानात काहून आली? तीनदा आली, दोन-दोन गाड्या बदलून!"

ती चहा गाळत होती. म्हणे, "मले वाटे, तू सांगशीन. पहिल्या दिवशी दुकानात लोकं होते, म्हटलं लाजला असंन पोरगा. दुसऱ्या दिवशी वाचून दे म्हटलं, तं तू भलतंच वाचलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता आपण बोलायचंच नाही, बसून राहायचं. तरी तू नाही बोलला. मग मोबाईल ठेवूनच आली. म्हटलं, द्यायले तरी येईन."

रडलो मी. लपवत नाही. बेचाळीस वर्षाचा घोडा, पण पोट्ट्यासारखा रडलो. तिनं रडू दिलं. चहा थंडा झाला तं पुन्हा तापवून आणला.

मागच्या पत्रात कंपनीचं लिहिलं ते खोटं होतं. मी फोनच लावला नव्हता. दावा माझा, मागंही मलेच घेता येते, पाच मिनिटाचं काम. इथंच बसून ते पान उघडलं. मोठीमाय म्हणे, "दे इकडे, मी वाचते." चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचलं, "तुमचा... दावा... चुकीचा... होता का?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो दाबलं. खाली कारण लिहायले जागा होती. लिहिलं, हे तीन गाणे माझे नाहीत, कोंढ्याचे मंगरू शहारे यायचे आहेत, मी फक्त म्हटले. तेही तिनं वाचलं आणि मग पाठवू दिलं. दोन-तीन दिवसात तुझे गाणे परत दिसतीन, चॅनल बंद होत नाही, असं उत्तर आलं. तू पाहून घे.

वासुदेवरावले तिच्यासमोरच फोन केला. सांगितलं का सत्कार नोको, गाणं माझं नाही, कोणाचं आहे तेही सांगितलं. ते म्हणे, "पत्रिका छापून आल्या ना गा," आणि फोन ठेवून दिला. उद्या योगेंद्रले सांगतो, का गीतकार बदल, शेवटचं कडवं टाक, नाही तं गाणं काढ. तुझ्या सह्या लागतीन. देशीन का नाही देशीन, तुझी मर्जी, मी जोर करत नाही. पुढच्या लग्नसराईत मले कोणी बोलावंन का नाही, तेही आता काय सांगू.

आता शेवटची गोष्ट. चहा पिताना मी मोठीमायले दाव्याचं, त्या त्रेसष्ट नावांच्या यादीचं सांगितलं, तं तिनं विचारलं, "त्या यादीत आपलं नाव तुले दिसलं नसंन ना बाबू? चुकून झालं ना?"

मी म्हटलं, "हव, चुकून."

तिनं पाठीवर हात ठेवला. म्हणे, "होते असं."

चुकून नाही झालं ताई. यादीत अकराव्या नंबरवर होतं. बाजूले मोठेबाबाचा फोटो, कोशाच्या रेशमी गमछ्यातला, तूच लावलेला. त्याच्यावर मी थांबलो होतो. चांगला पाच मिनिटं थांबलो. बाकीच्या बासष्ट लोकायनं माझ्याजवळून उचललं होतं, ते राहिले काय आणि गेले काय. पण ते एक राहिलं असतं तं कोणीही दोन्ही गाणे ऐकले असते आणि चोर कोण ते समजून गेला असता. मले तेच काढायचं होतं. विक्कीचं निमित्त. एकट्या तुझ्या चॅनलवरच दावा केला असता तं दिसून आलं असतं, म्हणून 'सगळे निवडा' दाबलं. पुढं कधी कोणी विचारलंच तं चुकून झालं म्हणता आलं पाहिजे. आणि आज तेच म्हटलं, तेही तिले.

हे तिले तोंडानं सांगणं मले जमत नाही. दोनदा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. म्हणून पाकीट चिकटवलं नाही. ती भाकरी करून राहिली आहे. तिचं झालं का हे कागद तिच्या हातात देतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. वाचून झालं का पाकीट तीच बंद करंन.

संघपाल

(खालच्या कोऱ्या जागेत, मोठमोठ्या अक्षरांत)

रत्ना,
वाचलं म्या. दोनदा वाचलं. त्याले ताट वाढून दिलं. बोलली नाही.
तुझी माय